धावपट्टी मोकळी आहे

विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाच्या मनात भीती असलीच, तर ती आकाशाची असते. चाके जमिनीवरून सुटली की तो खुर्चीचा हात घट्ट धरतो. आणि चाके पुन्हा जमिनीला टेकली की सुटकेचा निःश्वास टाकून कमरेच्या पट्ट्याशी चाळा करू लागतो. पायांखाली जमीन आहे म्हणजे धोका टळला, ही समजूत मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. परंतु विमानवाहतुकीचा इतिहास चाळणाऱ्याला निराळाच प्रत्यय येतो. या व्यवसायातील काही अत्यंत दारुण अपघात विमानाची चाके जमिनीवर असताना, किंवा जमीन नुकतीच सुटत असताना घडलेले आहेत. त्यांतील अनेकांत विमानाची गाठ पडली ती वादळाशी वा डोंगराशी नव्हे, तर एखाद्या मालमोटारीशी, बर्फ झाडणाऱ्या यंत्राशी किंवा आगीच्या बंबाशी. ज्या वाहनांवाचून विमानतळ एक दिवसही चालायचा नाही, तीच वाहने विमानाच्या वाटेत आली. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी, कोठेतरी, प्रामाणिकपणे असे मानून चालला होता, की धावपट्टी मोकळी आहे.

विमानविद्येच्या बाल्यावस्थेत धावपट्टी ही वस्तूच मुळी नव्हती. विमानतळ म्हणजे एक गवताळ माळरान. वारा ज्या बाजूने येत असेल तिकडे तोंड करून वैमानिक निघे आणि मैदानाच्या कोणत्याही भागातून वर उठे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते अशाच एका मैदानावर. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलपाण्याने निरुपयोगी होई. म्हणून त्या काळात ही सेवा पुण्याला हलवावी लागे. अशा तळावर वैमानिकाने स्वतःच्या डोळ्यांनी मैदान पाहावे आणि निघावे, एवढाच नियम पुरेसा होता. विमाने हलकी होती, वेग बेताचा होता, आणि दिवसातून ये-जा करणारी विमाने हाताच्या बोटांवर मोजता येत होती.

परंतु विमाने वाढली, तसे एकट्या वैमानिकाचे डोळे पुरेनासे झाले. १९२९ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील विमानतळाने आर्ची लीग नावाच्या गृहस्थाची एका नव्याच कामावर नेमणूक केली. हा मनुष्य रोज सकाळी एक हातगाडी ढकलीत मैदानावर येई. गाडीत एक मोठी छत्री, एक घडीची खुर्ची, दुपारचे जेवण, पाणी, टिपणवही आणि दोन निशाणे असत. चौकटीचे निशाण दाखविले की वैमानिकाने निघावे. तांबडे दाखविले की थांबावे. अमेरिकेतील विमानवाहतूक नियंत्रकांच्या परंपरेत आद्यपुरुषाचा मान या हातगाडीवाल्याला दिला जातो. पुढल्याच वर्षी, १९३० साली, क्लीव्हलंडच्या विमानतळावर रेडिओने सज्ज असा नियंत्रण मनोरा उभा राहिला आणि निशाणांची जागा शब्दांनी घेतली. हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. निशाण दाखविणारा आणि पाहणारा हे दोघेही एकाच मैदानावर, एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात असत. आता वैमानिक दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबू लागला आणि ते डोळे त्याला फक्त शब्दांतून भेटू लागले.

दुसऱ्या महायुद्धाने या व्यवस्थेला आजचे रूप दिले. जड विमानांना गवत पेलवेना. काँक्रीटच्या व डांबराच्या लांबलचक धावपट्ट्या जागोजाग तयार झाल्या. मैदानावरची मुक्त हालचाल संपली आणि सारी वाहतूक एका अरुंद रेषेवर येऊन ठाकली. १९४४ च्या डिसेंबरात शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा करार झाला. त्यातून निर्माण झालेल्या संघटनेने विमानतळांविषयीचे परिशिष्ट १९५१ साली स्वीकारले. कोणती खूण कोठे काढावी, कोणता दिवा कोणत्या रंगाचा असावा, याची एकवाक्यता त्यानंतर जगभर होत गेली. जमिनीवरील वाहनांनी कसे वागावे, याचेही नियम झाले. उतरणाऱ्या, उडणाऱ्या आणि चाकांवर चालत जाणाऱ्या प्रत्येक विमानाला वाहनाने वाट दिली पाहिजे. विमान ओढून नेणाऱ्या वाहनाला इतर वाहनांनी वाट दिली पाहिजे. आणि संकटात सापडलेल्या विमानाच्या मदतीला धावणारी गाडी असेल, तर जमिनीवरच्या साऱ्या रहदारीने तिला वाट दिली पाहिजे. रेडिओ बंद पडलाच, तर मनोऱ्यावरून दिव्याची खूण होते. स्थिर तांबडा दिवा दिसला तर वाहनाने जागच्या जागी थांबावे. लुकलुकता तांबडा दिसला तर धावपट्टीपासून तात्काळ दूर व्हावे. सेंट लुईच्या त्या निशाणांचाच हा वंशविस्तार म्हणावयाचा.

विमान स्वतःच्या बळावर चाकांवरून चालत जाते, त्या क्रियेला वैमानिकांच्या भाषेत टॅक्सी करणे म्हणतात. आकाशात डौलदार दिसणारे हे वाहन जमिनीवर मात्र मोठे अवघडलेले असते. वैमानिक बसतो तो विमानाच्या अगदी नाकाशी आणि मोठ्या विमानात दुमजली घराच्या उंचीवर. नाकाखालची जमीन त्याला दिसत नाही. पंख त्याच्या बऱ्याच मागे पसरलेले असतात. सर्वांत मोठ्या प्रवासी विमानात, एअरबस ए-३८० मध्ये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांची लांबी जवळजवळ ऐंशी मीटर भरते. एवढा विस्तार घेऊन जमिनीवर रंगविलेल्या पिवळ्या रेषेवरून पुढचे चाक न ढळू देता त्याला जावे लागते. आणि सभोवार तर जणू बाजार भरलेला असतो. सामानाच्या गाड्यांची माळ, इंधनाची टाकी, जेवण चढविणारी गाडी, जिने, पाण्याचे व मैल्याचे टँकर, विमान मागे ढकलणारा टग. या प्रत्येकाला घाई असते, कारण विमान जमिनीवर उभे राहिले की त्याच्या मालकाचे नुकसान सुरू होते.

अशा गर्दीत ठोकर बसणे नवलाचे नाही. १६ मे २०२४ रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेले एक प्रवासी विमान धावपट्टीकडे जात असता एका टगवर आदळले. विमानात सुमारे १८० प्रवासी होते. विमानाच्या नाकाला इजा झाली, परंतु माणूस कोणी दुखावला नाही. तळावरच्या अशा ठोकरी बहुधा पत्र्यावर निभावतात. धावपट्टीवरची ठोकर मात्र तशी निभावत नाही. तेथे विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. थांबायला जागा नसते आणि वळायला वाव नसतो. म्हणूनच ‘धावपट्टी मोकळी आहे’ या शब्दांना विमानतळावर जे वजन आहे, ते दुसऱ्या कोणत्याही शब्दांना नाही. हे शब्द किती निरनिराळ्या रीतींनी खोटे ठरू शकतात, याचे धडे गेल्या अर्धशतकाने एकेक करून दिले.

पहिला धडा वेळेचा. कॅनडातील क्रॅनब्रूक येथे ११ फेब्रुवारी १९७८ रोजी बर्फ पडत होते आणि एक यंत्र धावपट्टीवरचा बर्फ दूर करीत होते. या तळावर नियंत्रण मनोरा नव्हता. केवळ एक रेडिओ केंद्र होते. येणाऱ्या बोइंग ७३७ विमानाची जी वेळ दूरच्या कॅलगरी केंद्राने कळविली होती, तिच्या सुमारे दहा मिनिटे आधीच ते येऊन पोहोचले. उतरण्यापूर्वी वाटेतल्या खुणेवरून आपण आल्याची वर्दी त्याने दिली नव्हती. यंत्र चालविणाऱ्याच्या हिशेबाने अद्याप वेळ होता. विमान टेकले, वेग कमी करण्यासाठी इंजिनांचा झोत उलटा फिरविला गेला, आणि समोर यंत्र दिसले. वैमानिकांनी विमान पुन्हा उचलले, यंत्र टळलेही. परंतु एका इंजिनाचा झोत उलटविणारी झडप नीट मिटली नव्हती. ती हवेत उघडली, विमान एका बाजूला कलंडले आणि कोसळले. विमानातील ४९ जणांपैकी चाळीसहून अधिक प्राणांस मुकले. चूक शोधू जाता हाती लागतात ती फक्त दहा मिनिटे.

दुसरा धडा जागेचा. ३१ ऑक्टोबर १९७९ रोजी पहाटेच्या धुक्यात लॉस एंजेलिसहून आलेले डीसी-१० जातीचे विमान मेक्सिको सिटीच्या तळावर उतरत होते. तेथे दोन समांतर धावपट्ट्या होत्या. त्यांतील डावी दुरुस्तीसाठी बंद होती आणि उजवीवर उतरण्याची आज्ञा होती. विमान डावीवर टेकले आणि मातीने भरलेल्या एका मालमोटारीवर आदळले. विमानातील ८८ पैकी ७२ आणि जमिनीवरील एक अशी ७३ माणसे गेली. दैवयोग असा, की पुढे एकवीस वर्षांनी त्याच तारखेला, ३१ ऑक्टोबर २००० रोजी, तैपेईच्या विमानतळावर तुफानी पावसात एका बोइंग ७४७ विमानाने अशीच एक बंद धावपट्टी उड्डाणासाठी धरली. वाटेत बांधकामाची यंत्रे उभी होती. १७९ पैकी ८३ माणसे मृत्यू पावली. मोकळी धावपट्टी दोन्ही ठिकाणी होती. परंतु ती शेजारची होती.

तिसरा धडा माणसाच्या देहधर्माचा. सायबेरियातील ओम्स्क येथे ११ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे रिमझिम पाऊस पडत होता. ओली धावपट्टी सुकविण्यासाठी गरम हवेचा झोत सोडणारी वाहने आत जाऊ द्यावीत, अशी परवानगी तेथील तरुण नियंत्रकाने दिली. धावपट्टीवर वाहने असल्याची खूण करणारा दिवा लावणे हे त्याचेच काम होते. तो लावायचा राहिला आणि त्या कोंदट उत्तररात्री त्याचा डोळा लागला. क्रास्नोदारहून निघालेले टुपोलेव्ह-१५४ विमान जवळ आले, तेव्हा खुणेचा दिवा विझलेलाच होता. म्हणून धावपट्टी मोकळी आहे असेच मानले गेले. विमानातील १७४ आणि वाहनांवरील चार, अशी १७८ माणसे त्या पहाटे गेली. सोव्हिएत सत्तेने ही दुर्घटना अनेक वर्षे जगापासून लपवून ठेवली. त्या नियंत्रकाला शिक्षा झाली. परंतु ज्या व्यवस्थेत एका माणसाची डुलकी पावणेदोनशे माणसांचा जीव घेऊ शकते, ती व्यवस्थाही त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असावयास हवी होती.

चौथा धडा महाराष्ट्राच्या भूमीवर मिळाला, आणि तो कुंपणाबाहेरचा होता. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास आले होते. तेथून ते मुंबईस जावयाचे होते. बोइंग ७३७ जातीच्या या विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. विमान जड होते आणि मराठवाड्यातील एप्रिलची दुपार होती. तापलेली हवा विरळ होते आणि पंखांना व इंजिनांना तिचा आधार कमी मिळतो. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा हमरस्ता होता, आणि त्या वेळी दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठींनी उंच भरलेली एक मालमोटार त्या रस्त्यावरून चालली होती. विमान धावपट्टीच्या अखेरीस कसेबसे उचलले गेले, तोच त्याचे डावे चाक आणि डावे इंजिन त्या मालमोटारीवर आदळले. जखमी विमान थोडे अंतर उडत राहिले, विजेच्या तारांत सापडले आणि शेतात कोसळून पेटले. ५५ माणसे गेली, ६३ वाचली.

मालमोटारीच्या चालकाच्या दृष्टीने हा एक रोजचा रस्ता होता. कापसाच्या प्रदेशातून कापसाच्या गाठी नेण्याइतके साधे काम दुसरे नाही. वैमानिकाच्या दृष्टीने धावपट्टी संपली होती आणि पुढे आकाश होते. वस्तुतः दोघांच्याही हिशेबात दुसरा नव्हताच. चौकशीने दोन कारणे सांगितली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास विलंब केला व उचलण्याची रीतही चुकली, हे पहिले. विमानांच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक आवरण्याची जबाबदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही, हे दुसरे. या दुसऱ्या कारणाचा अर्थ असा, की धावपट्टी तिच्या काँक्रीटबरोबर संपत नाही. विमान जेथवर जमिनीलगत असते, तेथवरची सारी जागा मोकळी ठेवणे हा त्या धावपट्टीचाच भाग आहे. मग त्या जागेवर रस्ता असो, शेत असो वा वस्ती असो.

पाचवा धडा परवानगीचा, आणि तो अगदी अलीकडचा. पेरूची राजधानी लिमा येथे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी विमानतळाच्या अग्निशामक दलाचा सराव होता. बंब किती वेळात घटनास्थळी पोहोचतात हे मोजावयाचे होते. १०२ प्रवासी आणि ६ कर्मचारी घेऊन एक एअरबस विमान उड्डाणासाठी वेगाने धावत असता एक बंब धावपट्टीत शिरला. दलाचे दोन जवान जागीच ठार झाले. तिसऱ्याने काही महिन्यांनी प्राण सोडला. विमानातील सर्व माणसे वाचली. चौकशीत असे आढळले, की सरावाचे नियोजन सर्व संबंधितांनी एकत्र बसून केलेले नव्हते, ठरलेली शब्दावली वापरली गेली नव्हती, आणि बंबाला धावपट्टीत शिरण्याची परवानगी मनोऱ्याने दिलेली नव्हती. एरवी दुसऱ्यांचे जीव वाचविणाऱ्या या माणसांचा जीव त्या वाचविण्याच्या सरावातच गेला. सरावाला मिळालेली संमती आणि धावपट्टीत पाऊल टाकण्याची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी पुरेसे स्पष्ट केले गेले नव्हते.

या प्रत्येक दुर्घटनेमागून काही ना काही सुधारणा आली. धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत बसविलेली तांबड्या दिव्यांची ओळ आता अनेक मोठ्या तळांवर असते. ती विझल्याखेरीज विमानाने वा वाहनाने पुढे जावयाचे नाही. जमिनीवरची हालचाल धुक्यातही दाखविणारे रडार आले. वाहनांनाही स्वतःची ओळख व जागा कळविणारी यंत्रे बसविण्यात येऊ लागली. आज्ञा मिळताच ती शब्दशः परत उच्चारून दाखविण्याचा दंडक अधिक कडक झाला. १९७७ साली टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे गेली होती. शब्दांचा अर्थ एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा घेतला, हे त्यातले एक मोठे कारण होते. तेव्हापासून ‘उड्डाण’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, अशी रीत पडली.

तथापि यंत्र असणे आणि ते चालू असणे यांतही अंतर आहे. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते तळावर दाट धुक्यात एक लहान विमान वाट चुकून धावपट्टीवर आले आणि उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. ११८ माणसे मेली. तेथील जुने जमिनीवरचे रडार काढून ठेवलेले होते आणि नवे अद्याप कामाला लागलेले नव्हते.

शेवटी भिस्त राहते ती डोळे उघडे असलेल्या माणसावर. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याच्या धावपट्टीवरून दिल्लीला निघालेले एअरबस ए-३२१ विमान ऐन वेगात असता वैमानिकांना समोर एक जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी विमान नेहमीपेक्षा आधीच उचलले. शेपटीकडचा भाग धावपट्टीला घासला, पण जीप टळली, माणूस टळला आणि विमान दिल्लीला सुखरूप उतरले. वृत्तपत्रांत या घटनेला जेमतेम एका दिवसाची जागा मिळाली. ओम्स्कमध्ये किंवा औरंगाबादेत जे घडले ते येथे घडले नाही, म्हणूनच ती विस्मरणात गेली.

आजही प्रत्येक मोठ्या विमानतळावर दिवसातून अनेकदा एक मोटार धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तीत बसलेला कर्मचारी टायरचा तुकडा, सुटलेला खिळा, मेलेला पक्षी असे काही पडले आहे काय हे पाहतो, असेल ते उचलतो आणि बाहेर पडल्यावर मनोऱ्याला कळवितो, की धावपट्टी मोकळी आहे. त्याचे नाव प्रवाशांना ठाऊक नसते. त्याची गाडी खिडकीतून दिसलीच, तर ती कशासाठी फिरते आहे असा प्रश्नही कोणाला पडत नाही. परंतु विमान वेग घेऊ लागते तेव्हा आत बसलेली शेकडो माणसे त्याच्या त्या शब्दांवर आणि ते ऐकून नोंदविणाऱ्या नियंत्रकाच्या जागेपणावर आपला जीव सोपवून मोकळी झालेली असतात. तो शब्द देणाऱ्याला पुरेशी झोप, पुरेसा वेळ आणि नेमकी भाषा मिळते की नाही, हे पाहणे ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी या इतिहासातला प्रत्येक धडा लिहिलेला आहे.